सात नंबरने पास केलेला पंप

४ फेब्रुवारी, सकाळी

निवृत्तीनंतरचा चौथा दिवस. आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही, नोंद राहावी म्हणून. आयुष्यभर ऑफिसच्या मालाच्या नोंदी केल्या, आता स्वतःच्या.

निरोपाच्या वेळी ऑफिसने चामड्याची बॅग दिली. पितळी बकल, जाड पट्टा, आत चार कप्पे. रिकामीसुद्धा वजनदार. भाषणात म्हणाले, साहेबांच्या नजरेतून टाचणी सुटली नाही. खरं आहे. तपासणी विभागात बिजागऱ्या येवोत, व्हॉल्व्ह येवोत की बादल्या, माझ्या पंचचा ठसा उमटल्याशिवाय एक वस्तू स्टोअरमध्ये गेली नाही. पोलादी पंच, वर हातोडी मारायची, खाली गोलात सात. सातची शेपटी मधेच तुटलेली आहे. पहिल्याच वर्षी माझ्या हातून पडला होता. पण त्या तुटक्या शेपटीचा सात म्हणजे मी, हे साऱ्या स्टोअरला ठाऊक.

पंच घरी आणला आहे. कुणी परत मागितला नाही, म्हणजे परवानगीच.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहात साखर अर्धी. घरातल्या पिकअपचा ताबा घेणे. पिकअप बायकोची. घरामागच्या दोन खोल्यांत ती सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या नव्याने शिवून देते, आणि माल आणायला-पोचवायला इतकी वर्षं स्वतःच गाडी चालवते. आता मी घरी असताना तिने का राबावं? तसं तिला सांगितलं. ती शिवत होती, मान वर न करता म्हणाली की किल्ली खिळ्याला आहे. तिला बरं वाटलेलं दिसलं.

५ फेब्रुवारी

पाचचा गजर वाजला नाही. हे घड्याळ माझ्या खात्याने तपासलेलं नव्हतं. पावणेआठला उठलो, पण ताजातवाना.

गाडी बाहेर काढली. जुनी असली तरी रचना अभ्यासपूर्ण. स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, कंपनीने बॅग अडकवायला खास खुंटी दिली आहे. काळी, टोकाला फुगीर, जराशी खाली झुकलेली. बायकोने इतक्या वर्षांत तिचा एकदाही उपयोग केलेला नाही. अशा गोष्टी दिसायला नजर लागते. बॅग अडकवली. आत थर्मास, ही वही, पंच, हातोडी, दोन पाने आणि जुन्या बाजारातून आणलेलं डिझेल गाड्यांचं मॅन्युअल, विटेएवढं जाड.

कोपऱ्यापर्यंत उत्तम. पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडीने आचका दिला आणि बंद. चालू केली. दुसऱ्या ब्रेकरवर पुन्हा बंद. दवाखान्याच्या चढावर तर तिने धाप टाकली. लाँड्रीवाल्याने धक्का मारून परत आणली.

संध्याकाळी बायको तीच गाडी घेऊन दंतवैद्याकडे गेली आणि त्याच्या वेटिंग रूममधल्या फाटक्या खुर्च्या भरून घेऊन आली. विचारलं, गाडी आचके देते का? म्हणाली, नाही बाई. आचके ओळखायला कान लागतो, तिला तो नाही.

७ फेब्रुवारी

कन्येला नोकरी लागली. दुसऱ्या गावी, अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर, चष्म्याच्या काचा करणाऱ्या कारखान्यात. कुठल्या विभागात, तर तपासणी. रक्त बोलतं ते असं. एक मार्चला हजर व्हायचं आहे. म्हणजे आदल्या दिवशी सामानासकट निघायला हवं. कपाट, कॉट, टेबल, आईने शिवलेली लाल खुर्ची.

आनंद झाला. फार आनंद झाला. जेवलो नाही, पण ते दुपारच्या भज्यांमुळे.

जाहीर केलं की सामान आणि मुलगी दोन्ही मी स्वतः आपल्या पिकअपमधून पोचवणार. ती शेजारी बसेल, वाटेत थर्मासमधला चहा पिऊ, नोकरीतल्या चार खाचाखोचा मी सांगेन. कन्या म्हणाली, बाबा, गाडी पोचेल ना? मी म्हटलं की एक मार्चच्या आत ती गाडी कंपनीतून निघाली तेव्हाहून चांगली करतो.

९ फेब्रुवारी

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, केटरिंगचा धंदा, नवी कोरी व्हॅन. म्हणाला, भाऊजी, उगाच त्रास नको, मी सोडतो भाचीला. मी सौम्यपणे नकार दिला. माझी मुलगी पहिल्या नोकरीला पातेल्यांच्या वासात जाणार नाही, एवढंच म्हटलं. तो गेल्यावर बायको म्हणाली की सौम्य माणसं पातेल्यांचा विषय काढत नाहीत.

मॅन्युअल वाचायला घेतलं. गाडीची सगळी लक्षणं फ्युएल इंजेक्शन पंपाच्या, म्हणजे इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाच्या, प्रकरणाशी जुळतात: ताकद कमी, आचके, अचानक बंद. क्लचच्या प्रकरणाशीही जुळत होती, पण त्यातली पानं गळालेली आहेत. तेव्हा पंपच.

उद्यापासून साखर अर्धी.

११ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याकडे गेलो. सगळे त्याला मामा म्हणतात, मीही म्हणतो. माणूस समजूतदार. मी म्हटलं, पंप गेलाय. म्हणाले, गेला असेल. मी म्हटलं, टाकीत कचरा तर नसेल? म्हणाले, टाकीत कसा असेल. तपासणीत इतकी एकवाक्यता मी ऑफिसातही अनुभवली नव्हती.

त्यांनी गाडी गॅरेजभोवती दोनदा फिरवली, बाहेरच्या ब्रेकरवरूनही नेली. मी बॅग घेऊन बाकावर बसलो होतो, कारण तिथे बॅग कुठेही ठेवावी असं वातावरण नव्हतं. गाडी एकदाही बंद पडली नाही. मामा म्हणाले, चालतेय की साहेब. मी समजावलं की आजार डॉक्टरसमोर लपतो. ते म्हणाले, लपतो खरा.

परत येताना तीनदा बंद पडली.

१२ फेब्रुवारी

बायको सकाळीच तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, दोन आठवडे लागतील. दारात उभी राहून म्हणाली, "मी येईपर्यंत गाडीला हात लावू नका."

लावला नाही. दुपारी मामांना बोलावलं, पंप त्यांनी काढला.

१३ फेब्रुवारी

पंपवाल्याच्या दुकानात. काचेच्या कपाटात पंप दागिन्यांसारखे मांडलेले. पंपवाला गोड बोलतो, पण मी गोड बोलण्याला भुलणाऱ्यातला नाही, हे मी आधीच सांगितलं. तो म्हणाला, ते तर तुम्हाला बघूनच कळलं. माणसं ओळखतो.

ज्ञानात भर. पंप तीन तऱ्हेचे मिळतात. दुरुस्त केलेला, म्हणजे आजाऱ्याला गोळी. रीकंडिशन्ड, म्हणजे ऑपरेशन. आणि रीमॅन्युफॅक्चर्ड. त्यात जुना पंप सुट्टा करतात, झिजलेलं सगळं काढून नवं घालतात आणि टेस्ट बेंचवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, नव्याच्या मापाला उतरवतात. म्हणजे पुनर्जन्म. मी पुनर्जन्माची ऑर्डर दिली.

मात्र त्या व्यवहारात एक रीत असते. आपला जुना पंप आधी जमा करावा लागतो, तो पुढे कारखान्यात जातो आणि त्याचा रीमॅन्युफॅक्चर्ड होऊन दुसऱ्या कुणाला मिळतो. इथे माझं खातं जागं झालं. उद्या यांनी माझाच पंप हरवला, बदलला, नाकारला तर? मी बॅगेतून पंच काढला आणि पंपाच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हातोडीने एक सात उठवला. पंपवाला चहा सांगायला आत गेला होता. याला म्हणतात दूरदृष्टी.

१७ फेब्रुवारी

पंप आला नाही. पंपवाला म्हणतो, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. पटलं.

दंतवैद्याचा फोन. खुर्च्या कधी येणार? बायकोने जाण्यापूर्वी शिवून ठेवल्या आहेत, फक्त पोचवायच्या आहेत. पेशंट उभे राहतात म्हणे. मी म्हटलं की दातांचं दुखणं उभ्याने कमी जाणवतं, असं कुठेतरी वाचलं आहे. त्याने फोन ठेवला.

कन्येने सामानाची खोकी बांधायला घेतली आहेत. तिच्या खोलीत उगाच दोनदा डोकावलो. एका खोक्याची चिकटपट्टी सैल होती, ती काढून पुन्हा लावली. मग दुसऱ्याचीही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही काढता जास्त आणि लावता कमी.

२० फेब्रुवारी

बायकोचा फोन. गाडी कशी आहे? शांत आहे म्हटलं. खोटं बोललो नाही. पंप नसलेली गाडी शांतच असते.

कन्येने ते ऐकलं.  रात्रीच्या जेवणात माझ्या पानात वाढताना तिने पळी जरा जोरात आपटली.

२२ फेब्रुवारी

आला. आला. चांदीसारखा रंग, प्रत्येक तोंडाला पिवळं प्लास्टिकचं टोपण, सोबत टेस्ट बेंचची छापील स्लिप. पंपवाल्याने तो दोन्ही हातांनी दिला. मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि भिंग घेऊन तपासला.

आणि एक थक्क करणारी गोष्ट. बुडाशी, ताज्या रंगाखाली, गोलात सात. म्हणजे त्यांच्याकडेही तपासणी सात नंबर करतो. नुसता सात नव्हे, त्या सातची शेपटीही तुटकी आहे. मला वाटत होतं की आपला पंच पडला म्हणून तुटला. पण हे प्रमाणित असावं. तुटक्या शेपटीचा सात म्हणजे अव्वल दर्जा, अशी काहीतरी परंपरा असणार, आणि मला न कळत मी आयुष्यभर ती पाळत आलो.

कन्येला बोलावून दाखवलं. तिने पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बॅगेतून पंच आणि हातोडी काढून भंगारातल्या एका बिजागरीवर ठोका दिला आणि बिजागरी पंपाशेजारी ठेवली. मग म्हणाली, मी खोकी बांधते. भारावली होती बहुधा.

२३ फेब्रुवारी

काल झोपायला जरा उशीर झाला. सकाळी पंपवाल्याला सहज फोन केला. सहजच. म्हटलं, तो सात तुमचा का? तो म्हणाला, कुठला सात? मग म्हणाला, "साहेब, पंप तुमचाच आहे. कारखान्यात बेंचवर लावला, तर मापात एका केसाचा फरक नाही. सुट्टा कशाला करायचा? सील बदलले, धुतला, रंगवला. इतका निरोगी पंप आम्हालाही क्वचित मिळतो."

विचार केला. या घटनेकडे दोन बाजूंनी बघता येतं. दुसरी बाजू अशी, की मी अव्वल दर्जाचा पंप मागितला, आणि बाजारात त्यांना माझ्याच पंपाहून चांगला पंप सापडला नाही. हा एक प्रकारे सन्मानच.

घरात कुणाला सांगायचं नाही. कन्येला ठाऊक आहे, पण ती आपली आहे.

दुपारी मामांनी पंप बसवला. एक वायरसारखी केबल हातात धरून म्हणाले, साहेब, ही जुनी केबल परत जोडू का? नसली तरी चालेल आता. मी ताठ झालो. म्हटलं, जशी होती तशी जोडा. माझ्या देखरेखीत एक खिळासुद्धा वगळला जाणार नाही. त्यांनी जोडली.

इंजिन एका दमात सुरू. मामा म्हणाले, आवाज बघा कसा. पंपाचा फरक आहे. मीही तेच म्हणणार होतो.

२४ फेब्रुवारी

विजयी फेरी म्हणून दंतवैद्याच्या खुर्च्या पोचवायला निघालो. मुद्दाम मेहुण्याच्या घरावरून. बॅग खुंटीवर, खिडकी खाली, कोपर बाहेर. मेहुणा बाहेरच उभा होता. हात केला.

त्याच्या दारातल्या ब्रेकरवर बंद पडली.

मेहुण्याने खुर्च्या स्वतःच्या व्हॅनमध्ये घालून दंतवैद्याकडे पोचवल्या. मला म्हणाला, भाऊजी, बसा ना एका खुर्चीवर, घाम आलाय. बसलो नाही. हा ब्रेकर नियमाहून उंच आहे. मोजायला हवा.

२५ फेब्रुवारी

नवे निष्कर्ष. पंप निर्दोष आहे हे आता कारखान्याने छापून दिलं आहे. म्हणजे इंजेक्टर. किंवा डिझेल. किंवा रस्ते. मॅन्युअलमध्ये इंजेक्टरचं प्रकरण दोनदा आहे. इंजेक्टरही रीमॅन्युफॅक्चर्ड मिळतात, पंधरा दिवसांत.

संध्याकाळी कन्येला म्हटलं की कारखान्याला कळव, एक आठवडा उशिरा येते. तांत्रिक कारण आहे, समजून घेतील. फार तर दोन आठवडे. पहिल्या दिवशी नाहीतरी कुणी काही शिकवत नाही.

ती खोक्यांवर नाव लिहीत होती. मार्कर बंद करून म्हणाली, "बाबा, खरं सांगा. मी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?"

मी तिला इंजेक्टरचं कार्य समजावून सांगितलं. डिझेल बारीक फवाऱ्यासारखं कसं उडतं, दाब किती लागतो. पूर्ण ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली की ती अठ्ठावीसला निघणार आहे, गाडी चालो वा न चालो. तिच्या मामाची, म्हणजे मेहुण्याची, व्हॅन आहे.

काहीतरीच विचारते. बापाला असं वाटेल का? मुलगी मार्गी लागावी म्हणून तर एवढी धावपळ चालली आहे.

घर फार मोठं वाटतं आजकाल. दोनच खोकी दाराशी हलवली आहेत, तरी.

२६ फेब्रुवारी

बायको आली. बहिणीचा गुडघा उत्तम. प्रवासाची पिशवी न ठेवताच गाडीकडे गेली, बॉनेट उघडून चांदीचा पंप बघितला. मी सगळी हकिगत योग्य क्रमाने सांगितली. पंपवाल्याशी फोनवर झालेलं बोलणं वगळून. तिने विचारलं, जुना कुठाय? मी म्हटलं, जमा केला, रीत असते. एवढंच खरं असलं तरी पुरेसं होतं.

ती आत गेली, चहा प्यायली, आणि बाहेर येऊन गाडी घेऊन बाजारात गेली. कापड, फोम, खिळे घेऊन तासाभरात परत. काही झालं नाही म्हणाली. मी म्हटलं, बघ, पंपाचा परिणाम. ती म्हणाली, आधीही माझ्याकडे काही होत नव्हतं.

नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणाली, पण ते शिवणयंत्राला म्हणाली असेल.

पुरावा मात्र स्पष्ट आहे. गाडी तिच्याकडे चालते, मामांकडे चालते, माझ्याकडे बंद पडते. म्हणजे गाडीला माझं वजन, माझा वेग किंवा माझा स्वभाव मानवत नाही. तिन्हींपैकी पहिलं बदलता येईल. उद्यापासून साखर बंद.

२७ फेब्रुवारी

सामान गाडीत चढवलं. मेहुणा मदतीला. कपाट, कॉट, टेबल, लाल खुर्ची, गादी. प्रत्येक दोरीची गाठ मी तपासली. बायकोला म्हटलं की उद्या गाडी मीच चालवणार, मुलीला शब्द दिला आहे. मेहुण्याने व्हॅनची टाकी भरून ठेवली आहे. गरज पडली तर, म्हणाला. लागणार नाही म्हटलं.

बायकोने एक गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाली, चालवा. पण मी शेजारी असेन.

रात्री कन्येच्या खोलीत गेलो. रिकाम्या भिंतीवर कपाटाचा चौकोन उमटला आहे, आजूबाजूच्या रंगाहून उजळ. ती जमिनीवर झोपली होती. पंखा एक नंबर कमी केला आणि आलो.

२८ फेब्रुवारी, गाडीच्या मागे, गादीवर

अक्षर वाईट येतं आहे ते रस्त्यामुळे.

सकाळी मी स्टिअरिंगवर बसलो, बॅग खुंटीवर लावली, कन्या मधे, बायको पलीकडे. निघालो. पहिल्याच ब्रेकरवर बंद. मागून व्हॅन घेऊन येणारा मेहुणा उतरला. लाँड्रीवालाही बाहेर आला, सवयीने.

बायको खाली उतरून माझ्या बाजूला आली. दार उघडलं. वाकून माझ्या गुडघ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग तिने बॅग दोन्ही हातांनी उचलली, रस्त्यावर ठेवली, आणि ती खुंटी बोटाने आत ढकलली. आत गेली ती. टक असा आवाज झाला.

"ही खुंटी नाही," ती म्हणाली, "इंजिन बंद करायची मूठ आहे."

पूर्वी किल्लीने इंजिन बंद होत नसे, ती मूठ ओढली की केबलने पंपाचं डिझेल तुटायचं आणि इंजिन थांबायचं. नंतर किल्लीवर बंद करायची सोय करून घेतली, पण केबल तशीच राहिली. हीच ती मामांनी विचारलेली केबल. जोडा म्हटलेली. विटेएवढं मॅन्युअल, थर्मास, पाने आणि हातोडी घातलेली बॅग मी तिला टांगत होतो, आणि प्रत्येक ब्रेकरवर बॅग हिसका देऊन मूठ ओढत होती.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी म्हटलं, काखेत नाही, गुडघ्याजवळ. एवढंच सुचलं.

बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. कन्या मात्र हसली, डोळे पुसेपर्यंत हसली, आणि मग बराच वेळ पुसतच राहिली.

त्यानंतर असं ठरलं की बायको चालवेल. बॅग मांडीवर घेऊन मी इथे मागे. कुणी सांगितलं नाही, मीच म्हटलं की सामानाकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं. मेहुणा व्हॅन घेऊन घरी गेला. जाताना पातेल्यांबद्दल काही बोलला नाही. माणूस तसा वाईट नाही.

मोठा चढ आत्ताच गेला. गादीवरून इंजिन नीट ऐकू येतं. मी कान देऊन होतो. खाली चढ सुरू झाला तेव्हा वाटलं, अडखळेल. मधल्या वळणावर वाटलं, आता. एकदा जरी अडखळली असती तरी परत फिरावं लागलं असतं, सामान उतरवावं लागलं असतं, चार दिवस तरी गेले असते.

नाही अडखळली. एका दमात वर गेली.

म्हणजे कन्येने त्या संध्याकाळी विचारलं ते खरं होतं. हो, वाटतंय. मला वाटतंय तिने जाऊ नये. इथे लिहिलं म्हणून काही बिघडत नाही, कुणी वाचणार नाही.

१ मार्च, घरी

काल खोली बघितली. तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण म्हणाली की सगळं तपासून घेतलंय. मी विचारलं, कुणी? मग नळ, खिडक्या, कड्या, दिवे मी बघितले. एक नळ गळत होता, तो पान्याने घट्ट केला. कपाट भिंतीला टेकवलं. लाल खुर्ची खिडकीपाशी ठेवली. आणखी काही करायचं शिल्लक आहे का, ते शोधत होतो. नव्हतं.

आज सकाळी आम्ही निघताना कन्या म्हणाली, बाबा, ही बॅग मला द्याल का? कामावर न्यायला चांगली आहे. मी थर्मास काढला, मॅन्युअल काढलं, पाने, हातोडी, ही वही. पंच तळाशी राहिला होता. हात घातला, सापडला, आणि तिथेच सोडला. बकल लावून बॅग दिली. म्हटलं, अडकवण्यापूर्वी खुंटी नीट बघ. ती म्हणाली, बघेन.

खाली आलो तर बायकोने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

मी चालवली. गाव संपेपर्यंत ब्रेकरच ब्रेकर, एकावरही आचका नाही. उतार, वळणं, सगळं सुरळीत. इतकी चांगली गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. मधली जागा रिकामी होती. तिचा मार्कर सीटच्या फटीत पडला होता, ब्रेक लावला की तो खडखडायचा.

मोठ्या चढाच्या माथ्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि ती मूठ ओढली. इंजिन शांतपणे थांबलं.  बायको तिच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि मी माझ्या. मग तिने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, आणि माझ्या हातात दिला. साखर पूर्ण होती.

चहा संपला तेव्हा ती म्हणाली, "पंप मात्र चांगला आहे हो."

मी म्हटलं, असणारच. मी पास केलेला आहे.

मूठ आत ढकलली आणि निघालो.